शिळ्या पाण्यातली झाडं

थंडी सुरू झाली की सकाळी उठल्यावर मी आधी खिडकीपाशी जातो आणि काचेच्या भांड्याला बोट लावून बघतो. काच गार लागली की समजायचं, मुलुंडला थंडी आली. रात्रभर येऊरच्या डोंगरावरून वारा उतरलेला असतो. समोरच्या बैठ्या घरांच्या कौलांवर शेगड्यांचा धूर साचून राहिलेला असतो, वर जायची त्याला घाई नसते. दूधवाल्याने मफलर कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेली असते. आमचा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, मुंबईची थंडी म्हणजे थंडीची नक्कल. त्याचं खरं असेल. पण दोन गॅलन पाण्याला ती पुरते.

भांड्यात काठाशी ब्राह्मीची जाड, गुळगुळीत, बोटाच्या पेराहून लहान पानं आहेत, आणि मागे अंबुली या पाणझाडाची पिसासारखी पानं. मधून चार-दोन गप्पी मासे फिरतात. येणारे-जाणारे बघतात, "छान आहे हो," म्हणतात आणि चहाकडे वळतात. एवढ्याशा भांड्यात कोणती झाडं लावायची हे ठरवण्यात आमचा एक अख्खा हिवाळा गेला, हे सांगून त्यांना पटणार नाही.

भांडं मुळात माशांसाठी केलेलं नाही. जुन्या बॅटरीचं ते जाड, हिरवट काचेचं चौकोनी भांडं आहे. लांबी दहा इंच, रुंदी सात, उंची अकरा. काठोकाठ भरलं तर पावणेतीन गॅलन पाणी मावतं. तळाला वाळू घालून वर दोन बोटं मोकळी सोडली की दोन गॅलन उरतं. ते मला ऑफिसातल्या दिघ्यांनी दिलं. दिघ्यांच्या घाटकोपरच्या घरी भिंतभर मत्स्यपेट्या आहेत आणि त्यांची बायको त्या पेट्यांविषयी जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. सोड्याच्या पाण्याने भांडं पाच-सहा वेळा धुऊन घे, असं बजावून ते म्हणाले, "आणि एक लक्षात ठेव सामंत. मोठ्या पेटीत माणसाचा मूर्खपणा खपतो. लहान भांड्यात खपत नाही."

"का बरं?"

"अरे, तलावात चमचाभर मीठ टाक आणि कपात चमचाभर टाक. सांग फरक."

माझा जन्म आकडे तपासण्यात गेला आहे. हे मला एकदम पटलं.

भांडं आणलं ते आत्यासाठी. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते वडिलांच्या या बहिणीने. तिचं वैधव्य माझ्या जन्माच्याही आधीचं. मालवणजवळच्या आमच्या घरात ती आणि माझे धाकटे काका, असे दोघंच उरले होते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात काका गेले. दसऱ्याला मी गावी गेलो आणि तिला मुलुंडला घेऊन आलो. पत्र्याची एक ट्रंक आणि सुतळीने बांधलेली वळकटी, एवढंच तिचं सामान. वळकटी रोज रात्री सुटायची आणि सकाळी तशीच घट्ट बांधली जायची. ट्रंक खाटेखाली गेली ती कुलपासकट. माझी पत्नी कुसुम म्हणाली, "आत्याबाई, लुगडी कपाटात ठेवा ना. एक कप्पा रिकामा केलाय मी." आत्या म्हणाली, "आसांदे गो. शिमग्याक जातलंय मी. घर उघडूक व्हया."

शिमग्याला जाणार, इतकंच ती म्हणाली. परत येणार की नाही, हे तिने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. काळजी होती ती हीच. गावच्या त्या घरात आता माणूस नव्हतं. शेजार लांब, विहीर खोल, आणि तिची दृष्टी अधू होत चाललेली. तिने आमच्याकडे राहावं असं मला फार वाटत होतं. पण आत्याला "राहा" असं तोंडाने सांगणं म्हणजे मांजराला मांडीवर बस म्हणून सांगण्यासारखं. सांगितलं की उठून जाणार.

आमची मुलगी सासरी, मुलगा पुण्याला. दोन खोल्यांत आम्ही तिघं. तिला इथे कशाची म्हणून तोशीस पडू नये असं कुसुमने आणि मी ठरवलं होतं. जन्मभर राबली, आता बसून खाऊ दे. भाजी कुसुम चिरणार, तांदूळ कुसुम निवडणार, पाणी मी भरणार. आत्या खिडकीपाशी बसायची आणि रस्त्याकडे बघायची. गावी तिचा सगळा दिवस विहिरीच्या काठी आणि परसातल्या पाण्याच्या दोणीपाशी जायचा. मला वाटलं, डोळ्यांसमोर थोडं पाणी आणि थोडं हिरवं असलं तर तिला करमेल. दिघ्यांचं भांडं आलं ते असं.

झाड निवडताना मी तीन गोष्टी मांडल्या. पहिली उजेड. आमची खिडकी पूर्वेची. हिवाळ्यात सूर्य तिरपा असतो, त्यामुळे ऊन खोलीत लांबवर येतं, पण सूर्य दक्षिणेला सरकला की लवकर जातं. दुसरी थंडी. दिघ्यांकडे पाणी ऊबदार ठेवायला विजेची कांडी असते. मी ती गोष्ट घरात काढली तेव्हा कुसुम म्हणाली, "म्हणजे माशांना बंब आणि तुम्ही-आम्ही गार पाण्याने आंघोळी. करा." तेव्हा कांडी बाद. तिसरी गोष्ट जागा. लहान भांड्यात मोठ्या पानाचं झाड म्हणजे आमच्या खोलीत एखाद्या संस्थानिकाचं कपाट. पान लहान हवं, वाढ बेताची हवी, आणि मुळांना दोन इंच वाळू पुरायला हवी.

या तीन अटी घेऊन मी क्रॉफर्ड मार्केटात गेलो. पिंजऱ्यातल्या पोपटांच्या आरड्याओरड्यात एका दुकानदाराने मला पिसासारख्या पानांचं एक नाजूक झाड दाखवलं. "साहेब, परदेशी चीज आहे. काचेत काय झकास दिसते बघा." दिसत होतीच. मी ओल्या कागदात गुंडाळून ती घरी आणली, वाळूत लावली, मासे सोडले. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा ती पिसं अशी काही उजळली की आत्याही उठून जवळ आली. काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली.

"तेंका खाऊक काय घालतंस?"

"चिमूटभर पिठी. तीही रोज नाही."

"आणि पाणी?"

"पाणी आहे तेच."

तिने काचेवरून हात फिरवला. मला तेव्हा वाटलं, तिला पसंत पडलं.

आठवडाभरात पिसं गळायला लागली. काड्या उरल्या, मग काड्यांचा बुळबुळीत लगदा झाला. मी दिघ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "नाजूक झाड घेतलंसच कशाला? फितीसारखं पाणगवत लाव, ते मरत नाही." पाणगवत लावलं. त्याची पानं आधी काचेसारखी आरपार झाली, मग बुडाशी कुजून एकेक वर तरंगू लागली. दिघे म्हणाले, "तू मुळं हलवतोयस."

"मी हात लावत नाही हो."

"मग मासे हलवतायत. की तुझी वाळूच घाणेरडी?"

वाळू घाणेरडी नव्हती. उलट ती दिवसेंदिवस स्वच्छ दिसत होती. हे विचित्र होतं. कुठल्याही भांड्याच्या तळाशी गाळ धरतो. आमच्या भांड्याचा तळ मात्र धुतलेल्या तांदळासारखा. मी पाण्याच्या पातळीवर बाहेरून कागदाची पट्टी चिकटवली होती. डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात उघडं पाणी रोज थोडं तरी उडायलाच हवं. आमचं उडत नव्हतं. एखाद्या दिवशी तर ते पट्टीच्या वर असायचं. मग मी थंडी मोजायची ठरवली. घरातला तापाचा थर्मामीटर पाण्यात बुडवून बघितला, तर त्याचे आकडे जिथे सुरू होतात त्याच्या कितीतरी खाली पारा. कुसुम म्हणाली, "मेला असेल तुमचा पेशंट." दिघ्यांनी त्यांचा थर्मामीटर दिला. त्यावरून कळलं की भांड्यातलं पाणी सकाळी खोलीतल्या हवेपेक्षा चांगलंच गार असतं. रात्रभर एका खोलीत राहिलेली हवा आणि पाणी यांत इतका फरक पडावा कसा? मी कागदावर गणितं मांडत बसलो आणि एकाचाही ताळा जमेना.

त्या हिवाळ्यात आमच्या गॅलरीतली तुळस मात्र अशी काही फोफावली होती की शेजारच्या बायका पानं मागून न्यायच्या. दरवर्षी थंडीत तिच्या काड्या होतात. मी ते बघत होतो, कौतुक करत होतो, आणि दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नाही. हिशेब तपासणाऱ्या माणसाचं हे असं होतं. तो एकाच पानावरची बेरीज करतो.

एके दिवशी पहाटे, नळ येण्याच्या सुमाराला, मला जाग आली. थर्मामीटर बघावा म्हणून उठलो आणि दारातच थांबलो. आत्याने लुगड्याचा काष्टा वर खोचला होता. मासे एका वाडग्यात होते. माझं पाणगवत ताटलीत, निवडायला काढलेल्या मेथीसारखं, मुळं एका बाजूला करून ठेवलेलं. वाळू तिने तांदूळ धुवायच्या रोवळीत काढली होती आणि नळाखाली दोन्ही हातांनी खळाखळा धूत होती. भांड्यातलं कालचं पाणी बादलीत होतं, तुळशीसाठी. हात चालू आणि तोंडही चालू, वाडग्यातल्या माशांशी. "आमी ताजा पितंव आणि तुमका शिळा? रातीच्या पाण्यात जिवंत जीव ठेवतत काय? वसंताक काय कळना नाय. शिकलो, पण काय कळना नाय."

वसंता म्हणजे मी.

आमच्याकडे रात्रीचं पाणी सकाळी कोणी पीत नाही. हंडे-कळशा रोज रिकाम्या होतात, घासल्या जातात, ताज्या भरल्या जातात. माझ्या आजीने ते केलं, आत्याने केलं, कुसुम करते, आणि मीसुद्धा सकाळी पहिला पेला भरण्याआधी हंड्यातलं पाणी ओतून देतो. घरातलं सगळं पाणी रोज बदलतं, तर या मुक्या प्राण्यांनी काय पाप केलं? आत्याच्या बाजूने बघितलं तर यात काहीच चूक नव्हती. फक्त झाडाला रोज उपटून, आंघोळ घालून, पुन्हा लावलेलं सोसत नाही. आणि नळाच्या पाण्यातलं जंतू मारायचं औषध उडून जायला रात्रभर वेळ लागतो.

ती गवताची मुळं वाळूत दाबत होती. अंगठ्याने, अलगद, वांग्याचं रोप लावावं तशी. मी मागच्या पावली परत आलो आणि पांघरूण ओढून पडलो.

कुसुमला सांगितलं तर ती म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. रोवळी ओली असते ना सकाळी."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी इथे गणितं करतोय!"

"तुम्ही गणितं करत होतात म्हणूनच. विचारलंत कधी मला?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "हे बघा, त्यांना काही सांगू नका. परवा मी त्यांच्या हातातून विळी काढून घेतली, म्हटलं तुम्ही बसा. तर म्हणाल्या, 'बसान बसान पाय सुजतले माजे. माका आणलास कित्याक?' या घरात त्यांना आपण होऊन मिळालेलं एवढं एकच काम आहे. तेही काढून घेतलंत तर शिमग्याला ट्रंक घेऊन जातील आणि मग काही येत नाहीत."

ती बोलत होती आणि खाटेखालची ट्रंक मला दिसत होती. आम्ही तिला सुख म्हणून जे दिलं होतं ते तिला पाहुणचार वाटत होतं. आणि पाहुणा कितीही लाडका असला तरी तो सामान बांधलेलंच ठेवतो.

दिवसभर ऑफिसात मी याच विचारात होतो. संध्याकाळी घरी येताना एक गोष्ट स्वच्छ दिसली. मी उजेड मांडला होता, थंडी मांडली होती, जागा मांडली होती. चौथी अट मांडलीच नव्हती. झाड असं हवं की जे दोन गॅलन पाण्यात, गार पाण्यात, दोन तासांच्या उन्हात, आणि आत्याच्या हाताखाली जगेल. आत्या बदलायची नाही. झाड बदलायचं.

दिघ्यांना विचारलं, "रोज पाणी बदललं तरी जगेल असं काही आहे का?"

"रोज? डोकं फिरलंय का? रोज कोण बदलतो?"

"समजा बदललं."

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "ओढ्याकाठचं काहीतरी बघ. वाहत्या पाण्याची सवय असलेलं. आणि घरात कोण बदलतंय ते मला सांगू नकोस. माझ्या बायकोला कळलं तर ती पण सुरू करेल."

रविवारी मी डोंगराकडे चालत गेलो. तानसा तलावाचं पाणी आणणाऱ्या जाड नळांच्या पलीकडे, जिथे डोंगरातून येणारं पाणी थंडीतही बारीक धारेने चालू असतं, तिथे दगडांच्या सांदीत नीरब्राह्मी पसरलेली होती. लहान जाड पानं, मधून एखादं फिकट निळसर फूल. निम्मी पाण्यात, निम्मी बाहेर. ती पहाटे गारठत होती, दुपारी तापत होती, गुरं तिच्यावरून चालत होती आणि तिचं काही बिघडत नव्हतं. मी चार फांद्या मुळांसकट घेतल्या. क्रॉफर्ड मार्केटच्या त्या पिसांपुढे ती अगदीच सामान्य दिसत होती. आमच्यासारखीच.

मुळांचा प्रश्न राहिला. तो संक्रांतीने सोडवला. हळदीकुंकू झालं. बायका आल्या, हसल्या, वाण घेऊन गेल्या. तेवढा वेळ आत्या आतल्या खोलीत भांड्यापाशी पाठमोरी बसून होती. त्या वेळी ती बाहेर येत नसे आणि कोणी तिला बोलावत नसे. रात्री कुसुम तिळगूळ घेऊन आधी तिच्यापुढे बसली. दुसऱ्या दिवशी पूजेची मातीची सुगडं कोपऱ्यात रिकामी पडलेली मला दिसली. मूठभर मावेल एवढं एक सुगड मी घेतलं, त्यात वाळू-माती भरून ब्राह्मी लावली आणि अख्खं सुगड भांड्यात उतरवलं. आता मुळाला हात लावायचं कारण नव्हतं. सुगड उचलायचं, बाजूला ठेवायचं, हवं तेवढं पाणी बदलायचं, सुगड परत आत.

आत्याने ते बघितलं. सुगडाच्या काठावरून बोट फिरवलं. "ह्या बरा केलंस," एवढंच म्हणाली.

ब्राह्मी जगली. नुसती जगली नाही, सुगडाच्या बाहेर पसरली, वाळूत उतरली, काचेला टेकली. मासे तिच्या सावलीला थांबायला लागले. मी थर्मामीटर रोज बघतच होतो. काही दिवसांनी लक्षात आलं की सकाळी पाणी पूर्वीइतकं गार नसतं. पट्टीखाली पाणी थोडं उतरलेलंही दिसू लागलं. तळाशी बारीक गाळ धरला. मी म्हटलं, थंडी ओसरली असेल. पण खिडकीबाहेर थंडी तशीच होती. दूधवाल्याचा मफलर अजून गळ्यात होता.

त्या दिवसांची माझ्या मनात राहिलेली चित्रं लहान आहेत. सकाळचं तिरपं ऊन भांड्यातून पलीकडे येऊन जमिनीवर हिरवट चौकोन काढायचं आणि आत्या त्या चौकोनात पाय सोडून बसायची. एकदा एका माशाला पिल्लं झाली, टाचणीच्या डोक्याएवढी, तेव्हा तिने शेजारणीला बोलावून दाखवली. "आमच्याकडे बारसा असा," म्हणाली. आमच्याकडे, हा शब्द मी ऐकला आणि कुसुमनेही ऐकला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. कुसुमने त्याच संध्याकाळी विळी आणि पालेभाजीची जुडी तिच्यापुढे ठेवली आणि कणीक मळायला बसली.

तरी शिमगा जवळ आला तसं तिने दिवस ठरवला. वळकटी बांधली. खाटेखालची ट्रंक बाहेर ओढली. मी ती उचलली तर अगदी हलकी लागली. इतके महिने तिच्यात फारसं काही नव्हतंच. रिकामी ट्रंक कुलूप लावून ठेवली होती. कुसुम म्हणाली, "आत्याबाई, ट्रंक राहू दे की. पिशवीत मावेल सगळं." आत्याने ऐकलं नाही.

मी तिला भाऊच्या धक्क्यावर पोचवायला गेलो. आगबोटीला अवकाश होता. टोपल्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, पोरांची रडारड, खारट वारा. तिला गाववाल्यांजवळ बसवून मी ट्रंक तिच्या पायाशी ठेवली. परत ये, असं म्हणायचं मी घरापासून ठरवलं होतं आणि ते तोंडातून येत नव्हतं. तीच म्हणाली, "माज्यामागे रोज दोन तांबे पाणी काढ. तुळशीक घाल. दोनच. जास्ती काढू नको, तेंका सोसना नाय."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"मेल्या, माका डोळे आसत. तुजी झाडा मरत होती, ता दिसत नव्हता? संक्रांतीपासून दोनच तांबे काढतंय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू खय बोललंस?"

भोंगा झाला. ती उठली, ट्रंक हमालाच्या डोक्यावर गेली, आणि फळीवरून चढताना तिने मागे वळून बघितलं नाही. मी तिच्यासाठी झाड बदललं होतं आणि तिने झाडासाठी हात आवरला होता. दोघांनीही दुसऱ्याला कळू नये म्हणून जपलं होतं. इतकं जपूनही, राहा हा एक शब्द मी बोललो नव्हतो.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला तेव्हा मी उठलेला होतो. दोन तांबे काढले, तुळशीला घातले. रोज घालत राहिलो. चैत्र गेला. आगबोटी पावसाळ्याआधी बंद होतात; त्यानंतर येणं म्हणजे दसऱ्यावरच गेलं. आत्याला लिहिता येत नव्हतं. एक गाववाला भेटला, म्हणाला, "बायेने घर शाकारून घेतलं, नवे वासे घातले." माझं मन खचलं. ज्या घरात राहायचं नाही त्याचं छप्पर पावसाळ्याच्या तोंडावर कोण शाकारतो? मी कुसुमला तसं म्हटलं. ती म्हणाली, "निघणारा माणूसही घर झाकूनच निघतो." मला यातली कुठली बेरीज खरी ते कळेना.

बोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरले असताना एका सकाळी दारात टांगा थांबला. टांगेवाला ट्रंक उतरवत होता आणि "काय भरलंय, दगड?" म्हणत होता. दगडच होता. ट्रंकेत तिचा वाटणाचा लहान पाटा निघाला, वरवंटा, तिची स्वतःची विळी, रोवळी, शेवया गाळायचा साचा. एकेक वस्तू तिने कुसुमच्या ताब्यात दिली. "माका तुमची विळी जमना नाय. बोथट असा." कुसुम हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती, आणि त्यातून पुन्हा हसत होती.

सर्वांत शेवटी आत्याने पिशवीतून पितळेचा डबा काढला. केळीच्या ओल्या पानात गुंडाळलेली एक हिरवी जुडी. चुरडलेल्या पानाचा कापरासारखा वास खोलीत पसरला. भातखाचरांत लहानपणी पायांना लागणारा तो वास मी एका क्षणात ओळखला. पाण्याखालची तिची पानं पिसासारखी असतात. क्रॉफर्ड मार्केटच्या त्या झाडाच्या बहिणीसारखी.

"देवळाच्या तळयेतली अंबुली," ती म्हणाली. "ही लाव. तळयेत झरो असा, थंय पाणी रोज बदलता. हिका सोसतला."

तीही अटी मांडूनच आली होती.

अंबुली लागली. गेली काही वर्षं ती तशीच आहे. दिघे एकदा येऊन बघून गेले आणि म्हणाले, भांड्याची जागा मात्र चुकली आहे, खिडकीची कड उंच पडते, बसलेल्या माणसाला नीट दिसत नाही. आत्याने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर खिडकीखाली तिची ट्रंक आडवी मांडलेली होती, वर जुन्या धाबळीचा तुकडा घडी करून पसरलेला, आणि त्यावर भांडं. पाण्याची, वाळूची आणि काचेची मिळून जवळजवळ पस्तीस पौंडांची जोखीम त्या पत्र्यावर आहे. मी मोजून बघितलं. ट्रंक ते पेलते.

आज सकाळी काच गार लागली. आत्या चौकोनी उन्हात येऊन बसली आणि म्हणाली, "थंडी इली मां?" मी म्हटलं, आली. तिने दोन तांबे पाणी काढलं आणि गॅलरीकडे गेली. भांडं तिथेच, ट्रंकेवर. ती उघडायची झाली तर आधी सगळं पाणी उपसावं लागेल, आणि आमच्या घरात आता तेवढं पाणी कोणी उपसत नाही.